टॅब विकला, खातं त्यातच राहिलं

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे फोटो शोधत होते. आंब्याची डाळ, पन्ह्याचे पेले, गौरीपुढची कलिंगडाची नक्षी, सगळं सचिवताईंनी मंडळाच्या नव्या टॅबवर टिपलं होतं आणि वार्षिक अहवालासाठी मला त्यातले दोनच हवे होते. मंडळाचं गूगल फोटोज उघडलं, तर सगळ्यात वर एका अनोळखी घरातला वाढदिवस. गुलाबी फ्रॉकमधली मुलगी, केकवर ५ आकड्याची मेणबत्ती, कागदी प्लेटांत समोसा आणि शेव, मागे कूलरला चिकटवलेले फुगे. पुढच्या फोटोत तीच मुलगी आजोबांच्या मांडीवर, गालाला क्रीम लागलेलं. असे त्रेचाळीस फोटो आणि सहा व्हिडिओ.

आधी वाटलं, आमच्यातल्याच कोणाची नात असेल. सचिवताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो ताई, हे घरच ओळखीचं नाही." मग कॉन्टॅक्ट्स उघडले. आमच्या सभासदांच्या नावांमध्ये 'मामाजी देवास', 'स्कूल वैन', 'छोटी बुआ', 'गैस वाला' अशी नावं बसलेली. ती आमच्यापैकी कोणीच घातली नव्हती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि पोटात गोळा आला. फेब्रुवारीत विकलेला जुना टॅब अजून मंडळाच्याच खात्यावर चालू होता.

इंदूरच्या लोकमान्य नगरात आमचं महिला मंडळ आहे. चार वर्षं मी कोषाध्यक्ष आहे. त्याआधी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत हिशेबाचं काम केलं, त्यामुळे कोणती चावी कोणाकडे आहे हे कागदावर असावं असं मला मनापासून वाटतं. मंडळाच्या खात्याची चावी किती जणांकडे आहे, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी गूगलच्या खात्यातली 'युअर डिव्हायसेस' ही यादी पहिल्यांदा उघडली आणि पुढचा सगळा आठवडा तिच्यात गेला. हा अभिप्राय त्या यादीबद्दल आहे.

पण त्या खात्यात काय होतं ते आधी सांगते, म्हणजे माझी झोप का उडाली ते कळेल. दिवाळी अंक योजनेतल्या घरांचे पत्ते होते, वर्गणीचा हिशेब होता, भजनांची रेकॉर्डिंग होती. आणि एक यादी होती तेवीस जणींची. या तेवीस जणी एकट्या राहतात. मुलं पुण्याला, बंगलोरला, कोणाची अमेरिकेत. रात्री-अपरात्री काही झालं तर धावता यावं म्हणून मंडळाने प्रत्येकीचा पत्ता, डॉक्टरांचा नंबर आणि दुसरी किल्ली कोणाकडे ठेवली आहे, हे एका तक्त्यात लिहून ठेवलं आहे. तो तक्ता खात्याच्या गूगल ड्राइव्हमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या कपाटात. म्हणजे त्या टॅबवर कोणीही दोनदा बोट टेकवलं की कोणती आजी एकटी आहे आणि तिची किल्ली कुठे आहे, हे समोर.

टॅब २०१९ साली घेतलेला. फेब्रुवारीत जेल रोडवरच्या एका दुकानात तो देऊन नवा घेतला, जुन्याचे २,२०० रुपये वजा झाले. दुकानाचं नाव लिहीत नाही. सचिवताईंनी विचारलं होतं, "इसमें हमारा सब कुछ है, मिटा देंगे ना?" त्यावर उत्तर मिळालं, "साफ करके ही बेचते हैं आंटी, आप पिन बता दो." पिन मागच्या बाजूला चिठ्ठीवर लिहिलेलाच होता. साफ काही झालं नाही. पण मी हेही म्हणेन की पुसून देणं हे आमचं काम होतं. दुसऱ्याच्या हातात कपाट देताना आपला कप्पा आपणच रिकामा करायचा असतो.

आता यादीकडे येते. जीमेलमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर टिचकी मारायची, 'मॅनेज युअर गूगल अकाउंट'मध्ये जायचं, तिथे सिक्युरिटी, आणि खाली सरकत गेलं की 'युअर डिव्हायसेस'. त्यातलं 'मॅनेज ऑल डिव्हायसेस' उघडलं की पूर्ण यादी दिसते. खात्यात कोणकोणत्या यंत्रावरून प्रवेश चालू आहे किंवा अलीकडे होता, ते सगळं एका पानावर असतं. प्रत्येक नोंदीत यंत्राचं नाव, गाव आणि शेवटचा वापर कधी झाला ते. एखाद्या नोंदीत शिरलं की आणखी तपशील आणि 'साइन आउट'चं बटण. यासाठी पैसे लागत नाहीत, वेगळं ॲप लागत नाही. चष्मा लावून बसलेल्या दोन बायकांना दहा मिनिटांत समजलं, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे.

आमच्या यादीत सात यंत्रं निघाली. आम्हाला माहीत होती ती दोन.

एका नोंदीवर गाव मुंबई लिहिलेलं होतं. सचिवताई घाबरल्या, "मुंबईत आपलं कोण?" ते यंत्र म्हणजे माझ्याच टेबलावरचा कॉम्प्युटर निघाला. हे गाव इंटरनेटच्या जोडणीवरून अंदाजाने धरलेलं असतं. जोडणी देणाऱ्या कंपनीची वाट दुसऱ्या शहरातून जात असेल तर तेच शहर दिसतं. म्हणून गाव पाहून दचकण्याआधी यंत्राचं नाव आणि वापराची वेळ पाहा. एकच यंत्र दोन-तीनदा दिसलं तरी तसंच, वेगवेगळ्या ब्राउझरमधून किंवा वेगळ्या वेळी केलेला प्रवेश स्वतंत्र धरला जातो. आम्ही कागदावर सातही नावं उतरवली आणि प्रत्येकापुढे माणसाचं नाव लिहीत गेलो.

जुना टॅब यादीत होताच. शेवटचा वापर त्याच दिवशी सकाळचा.

इथे मी थांबून विचार केला, आणि तो विचार सविस्तर लिहिते, कारण इथेच लोकांचा गोंधळ होतो. हातातून गेलेल्या यंत्राचं दोन तऱ्हांनी करता येतं. एक, साइन आउट. त्याने खात्याची दोरी तुटते. नवी पत्रं, नवे फोटो, नव्या याद्या त्या यंत्रावर जात नाहीत आणि तिकडचं आपल्याकडे येत नाही. पण यंत्रावर आधीच उतरवलेल्या फाइली आपोआप पुसल्या जात नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे फाइंड हब. आधी त्याला फाइंड माय डिव्हाइस म्हणत, २०२५ मध्ये नाव बदललं. त्यातून यंत्र दुरूनच पूर्ण कोरं करता येतं, ते चालू असेल आणि इंटरनेटला जोडलेलं असेल तर. आणि एकदा साइन आउट केलं की फाइंड हबमधून ते यंत्र आपल्या हाताखाली राहत नाही. म्हणून फोन चोरीला गेला असेल तर आधी तो शोधायचा किंवा कोरा करायचा, दोरी नंतर तोडायची. क्रम उलटा झाला तर कोरं करायची संधी गेली.

आमच्यापुढे ते 'कोरं करा'चं बटण होतं. नकाशावर टॅबचा ठिपकाही दिसत होता, विजय नगरच्या पलीकडे निरंजनपूरच्या बाजूला. मी नकाशा मोठा केला नाही. ज्यांनी पैसे मोजून टॅब घेतला त्यांच्या घराचं दार बघायचा आपल्याला काय अधिकार? सचिवताई म्हणत होत्या, "पुसूनच टाकू, आपली यादी आहे त्यात." त्यांची भीती खरी होती. पण त्या टॅबमध्ये आता एका पाच वर्षांच्या मुलीचा वाढदिवस होता, आणि तो कदाचित दुसरीकडे कुठेच नव्हता. तेवीस जणींचा तक्ता आम्ही टॅबवर उतरवून घेतला नव्हता, तो ड्राइव्हमध्येच उघडायचा. हे सचिवताईंकडून दोनदा विचारून पक्कं केलं. मग मी साइन आउट निवडलं. तक्ता टॅबवर उतरवलेला असता, तर मी दुकानदाराकरवी त्या घरी कळवून, त्यांचे फोटो काढून घ्यायला सांगून, मग तो कोरा केला असता.

फोटोंच्या बाबतीतही क्रम महत्त्वाचा आहे. माझा हात आधी ते परके फोटो निवडून काढून टाकायला गेला होता. बरं झालं थांबले. यंत्र खात्याला जोडलेलं असताना गूगल फोटोजमधून फोटो काढला, तर तो त्या यंत्रावरूनही जाऊ शकतो. म्हणजे आमच्या साफसफाईत त्या घरचे फोटो गेले असते. म्हणून आधी साइन आउट, मग फोटो. बॅकअप घेतलेले फोटो काढल्यावर साठ दिवस ट्रॅशमध्ये राहतात, तेवढी सवड असते.

साइन आउट केल्यावर मी जेल रोडच्या त्या दुकानात गेले. वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की ज्यांना टॅब विकला त्यांना माझ्यासमोर फोन लावा. त्यांनी लावला. पलीकडे त्या मुलीची आई होती. मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आंटी, ऊपर जो नाम आता था, हमें लगा टैबलेट का ही नाम है." मंडळाचं नाव तिला टॅबचं नाव वाटलं होतं! मग तिने घाबरून विचारलं, "हमारे फोटो आपने देखे क्या?" मी म्हटलं, हो, काही दिसले, आणि फार गोड मुलगी आहे. तिने गॅलरी उघडून सगळे फोटो जागेवर आहेत हे पाहिलं. स्वतःचं खातं कसं उघडायचं ते मी फोनवर सांगितलं. त्यानंतरच आमच्याकडचे त्रेचाळीस फोटो, सहा व्हिडिओ आणि 'मामाजी देवास' काढून टाकले.

नुकसान दोन्हीकडचं होतं, हे त्या बाईच्या आवाजाने मला कळलं. आपण नेहमी आपलं काय दिसेल याची काळजी करतो. इथे तिच्या घरातलं जेवणाचं ताट, आजारी सासरे, मुलीची शाळा, सगळं आमच्या वीस-पंचवीस जणींना दिसू शकत होतं. जागेचा प्रश्न होताच. मोफत मिळतात ते १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून, आणि १ जून २०२१ पासून चढवलेला प्रत्येक फोटो त्यात मोजला जातो. 'जागा भरत आली' असा निरोप आम्हाला दोन आठवडे येत होता, त्याचं कारण तेव्हा कळलं.

बाकीच्या नोंदी. एक झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर. मंगळागौरीची पत्रिका छापायला कोणीतरी तिथे जीमेल उघडलं आणि बंद न करता घरी आली. हे आपल्याकडे घरोघरी होत असणार. छपाईला फाइल द्यायची असेल तर पेन ड्राइव्ह न्या, किंवा ब्राउझरची इनकॉग्निटो, म्हणजे बंद केल्यावर प्रवेश मागे न ठेवणारी, खिडकी उघडून काम झाल्यावर ती बंद करा. तिथल्या ब्राउझरने पासवर्ड जपून ठेवलेला असू शकतो, म्हणून नुसतं साइन आउट पुरत नाही, पासवर्डही बदलायला हवा. तो आम्ही बदलला. पासवर्ड बदलला की बहुतेक ठिकाणचे प्रवेश आपोआप बंद होतात, पण सगळे नाहीत. ओळख पटवायला वापरली जाणारी यंत्रं आणि परवानगी दिलेल्या काही बाहेरच्या ॲपची यंत्रं राहतात. म्हणून पासवर्ड बदलूनही यादी पाहायचीच.

एक फोन माजी सचिवांचा, त्या आता नाशिकला मुलाकडे असतात. त्यांना फोन करून सांगितलं आणि काढला. इथे एक गोष्ट लक्षात आली जी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री, लावलेली असेल, तर नव्या ठिकाणी प्रवेश करताना 'तुम्हीच आहात का?' असा प्रश्न खात्यात असलेल्या फोनवर येतो आणि 'हो' दाबलं की दार उघडतं. म्हणजे जुना फोन नुसता वाचत बसत नाही, दुसऱ्याला आत घेण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो. अँड्रॉइड फोनवर आपोआप तयार झालेली पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपानेच खातं उघडायची सोय) काढायची तरी वाट हीच, यादीतून त्या फोनला साइन आउट करणं. कपाटात पडलेला जुना फोन निरुपद्रवी आहे असं समजू नका.

एक जुना लॅपटॉप, माझ्या आधीच्या कोषाध्यक्षांच्या सुनेचा. तो लगेच काढला.

सातवं नाव वाचून आम्ही दोघी गप्प झालो. तो फोन आमच्या माजी अध्यक्षांचा होता. त्या गेल्याला भाद्रपदात वर्ष झालं. आणि यादीत लिहिलेलं होतं, शेवटचा वापर काल संध्याकाळी.

सचिवताई लगेच बटण दाबायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, आधी काकांना, म्हणजे बाईंच्या यजमानांना, विचारू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्कूटरवरून रामबागेत त्यांच्याकडे गेलो. काका म्हणाले, "रोज तिचे अभंग लावतो ना मी. त्यातच आहेत." मंडळाच्या ड्राइव्हमधल्या भजनाच्या फोल्डरमध्ये सत्तावीस रेकॉर्डिंग आहेत आणि बहुतेकांत पुढचा आवाज त्यांचाच आहे. काका ती मंडळाच्या खात्यातून ऐकत होते. खातं काढलं की ती फोनवरून गेली असती, आणि त्यांना कळलंही नसतं का ते. काकांचा प्रश्न एकच होता, "आवाज जाईल का?"

सत्तावीसही रेकॉर्डिंग आम्ही तिथेच बसून एकेक करून फोनमध्ये उतरवली. पेन ड्राइव्हवरही घेतली, टीव्हीच्या मागे लावता येते म्हणून. मग खात्री करायला मी फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि पहिलं रेकॉर्डिंग लावलं. आधी टाळांचा आवाज, पेटीची खरखर, कोणीतरी खोकलं, आणि मग त्या. पूर्ण अभंग होईपर्यंत कोणी बोललं नाही. त्यानंतर एअरप्लेन मोड काढून यादीतलं साइन आउट मी काकांना दाबायला दिलं. फोनमधलं बाईंचं स्वतःचं खातं तसंच आहे. एक खातं काढल्याने त्याच फोनवरच्या दुसऱ्या खात्याला धक्का लागत नाही.

काकांनी मग त्या खात्याचं पुढे काय होतं ते विचारलं. दोन वर्षं कुणीच न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून तशी सुरुवात झाली आहे. काका फोन वापरतात, म्हणून सध्या चिंता नाही. पण मी घरी आल्यावर माझ्या स्वतःच्या खात्यात 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' लावलं. ३, ६, १२ किंवा १८ महिने मी खात्यात आले नाही तर कोणाला कळवायचं आणि काय सोपवायचं, ते आधीच सांगून ठेवता येतं, दहा जणांपर्यंत. मी मुलीचं आणि भाच्याचं नाव घातलं. दोघांनाही जेवताना सांगितलं, लपवून ठेवलं नाही.

दुसऱ्या याद्यांबद्दल थोडक्यात, कारण गूगल साफ केलं म्हणजे सगळं झालं असं नाही. गूगल प्लेमध्ये यंत्रांची वेगळी यादी असते. तिथून जुनं यंत्र काढता येत नाही, नुसतं दिसेनासं करता येतं. ती यादी ॲप कुठे घालायचं एवढ्यापुरती असते, तिथे जुनं नाव दिसलं म्हणून प्रवेश चालू आहे असा अर्थ नाही. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' जरूर पाहा, मुख्य फोनशिवाय चार यंत्रं जोडता येतात आणि मुख्य फोन चौदा दिवसांपेक्षा जास्त वापरला नाही तर ती आपोआप तुटतात. ॲपलवाल्यांनी फोन विकण्याआधी फोनमधूनच साइन आउट करावं, नुसतं यादीतून नाव काढलं आणि फोन खात्यात तसाच राहिला, तर इंटरनेट लागताच नाव परत येतं. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशीच यंत्रांची यादी आणली. सुट्टीत पाहुण्यांकडे टीव्हीवर लावलेलं राहून गेलं असेल तर तिथून काढता येतं.

अँड्रॉइडचा फोन किंवा टॅब विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं काढा, मग फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे यंत्र कोरं करा. अँड्रॉइड ५.१ पासून एक कुलूप आलं आहे, खातं न काढता बटणं दाबून रिसेट केलं तर यंत्र चालू होताना जुनं खातं मागतं. विकत घेणारा अडकतो आणि तुम्हाला फोन करत बसतो. आमच्या टॅबला ते कुलूप लागलंच नाही, कारण कोणी रिसेटच केलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर ही यादी प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात महिन्यातून एकदा उघडली गेली पाहिजे. घरातही. मी तिला पाचपैकी पाच देते, आणि ते तिच्या साधेपणासाठी. कचेरीत एकतीस वर्षं जो चाव्यांचा रजिस्टर मी हाताने भरला, तो इथे आपोआप भरलेला मिळतो, तारखेनिशी.

मागच्या सभेत ठराव केला. पदाधिकारी बदलतील त्या दिवशी जुन्या व्यक्तीचं यंत्र नव्या व्यक्तीसमोर यादीतून काढायचं आणि इतिवृत्तात दोघींच्या सह्या घ्यायच्या. तेवीस जणींच्या तक्त्यातून किल्ल्यांचा रकाना काढून टाकला आहे. तो आता कागदावर आहे, माझ्या कपाटात, आणि कपाटाची दुसरी किल्ली सचिवताईंकडे. यादीत सध्या दोन यंत्रं आहेत, नवा टॅब आणि माझा कॉम्प्युटर. कॉम्प्युटर अजूनही मुंबईतच दिसतो.